हुरड्याच्या दिवसांतलं इंजिन

परवा पाचोडहून भावानं हुरड्याच्या कणसांची पिशवी पाठवली. पिशवीचं तोंड सोडलं आणि कोवळ्या ज्वारीचा हिरवा, दुधाळ वास स्वयंपाकघरभर झाला. अशा वेळी कुणालाही शेत आठवेल, आगटी आठवेल, गोवऱ्यांचा डोळ्यांत जाणारा धूर आठवेल. मला डिझेल आठवलं. डिझेल, जुनं ग्रीस, पॉलिश पेपरनं घासलेल्या लोखंडाची भुकटी, आणि या सगळ्यात मिसळलेला भाजल्या कणसांचा वास. मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात पुंडलिकनगरच्या आमच्या घराला हाच वास होता. शाळेत जाताना माझ्या साडीलाही तोच. स्टाफरूममध्ये शेजारी बसणाऱ्या बाईंनी एकदा हळूच विचारलं होतं, "पेट्रोल पंप घेतलात की काय?"

हे, म्हणजे माझे यजमान, वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, दिव्याखाली फिरवायचा आणि केसाएवढा ओरखडा दिसला तरी बाजूला काढायचा. आयुष्यभर नजरेचीच नोकरी केली. घरीही सवय तीच. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं झालेलं चालायचं नाही, पडदा एका बाजूला लोंबलेला चालायचा नाही. आणि त्या वर्षी उन्हाळा संपता संपता ह्यांना खिडकीचे गज वाकडे दिसायला लागले. सुरुवातीला ह्यांनी दोष गजांनाच दिला. वेल्डिंगवाल्याला बोलावून आणा, म्हणाले.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय, दोन्हीकडं. वेळच्या वेळी इंजेक्शनं घेतलीत तर आहे तिथं थांबवता येईल. गेलेलं मात्र परत येणार नाही. कडेकडेचं दिसत होतं. दारं दिसत, खुर्च्या दिसत, रस्त्यानं जाणारं माणूस आहे हे कळे. पण जिकडं बघावं, नेमकं तेवढंच पुसलेलं. अक्षरं गेली, चेहरे गेले. माझ्याशी बोलताना हे माझ्या कानाकडं बघायला लागले, कारण नजर जरा बाजूला ठेवली की कडेनं माझा चेहरा थोडाफार सापडायचा. हे मला समजत होतं. तरी प्रत्येक वेळी मी नकळत मागं वळून बघायची, कोण आलंय म्हणून.

नोकरी सोडली. दाढी वाढली. पेपर बंद कर म्हणाले, म्हणून बंद केला, आणि मग सकाळी दारात पेपर पडल्याचा आवाज येत नाही याचंच मला वाईट वाटायला लागलं. दिवसभर हे आतल्या खोलीत पडून असायचे. सगळ्यात जास्त भीती मला वाटायची ती इंजेक्शनच्या तारखेची. "पुढच्या आठवड्यात बघू," असं म्हणत एक तारीख ह्यांनी घालवलीच होती. पुढचीही घालवायचा विचार आहे, हे त्यांच्या गप्प बसण्यावरून कळत होतं. डोळ्यात सुई टोचून घ्यायची आणि मिळणार काय, तर आहे तेवढंच. एवढ्यासाठी कशाला, असं त्यांना वाटत असावं.

दिवाळीची आवराआवर करताना मी जिन्याखालची ताडपत्री ओढली. खाली ह्यांची जुनी मोटारसायकल. दोन सायलेन्सरची, गोल टाकीची, लग्नाआधी कुणाकडून तरी जुनीच घेतलेली. किक मारून झाली की तोच दांडा आत दाबून पुढं वळवायचा, मग त्याचाच गिअर होतो, अशी तिची तऱ्हा. लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं होतं, मोडलाच दांडा. तिच्यावर बसून आम्ही वेरूळला गेलो, दौलताबादला गेलो, माझ्या माहेरी पाचोडला तर कितीदा. मग कधीतरी ती बंद पडली, माझी स्कूटी आली, मुलगी शिकायला बाहेर गेली, आणि गाडीवर आधी एक पोतं आलं, मग खोकी, मग ताडपत्री.

"देऊन टाकू का भंगारात? जागा तरी मोकळी होईल," मी आत जाऊन विचारलं. ह्यांनी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. बघते तर हे बनियनवर, फरशीवर मांडी घालून बसलेले.

"काय चाललंय?"

"किक हलत नाही. इंजिन आतून जाम झालंय. उतरवावं लागेल."

"कोण उतरवणार?"

"मी. नटबोल्ट हाताला कळतात मला." मग माझ्या कानाकडं बघत म्हणाले, "पण आत काय झालंय ते बघायला तू लागशील."

महिनोन् महिने माणूस काही मागत नव्हता. जेवण दिलं तर जेवायचे, नाही दिलं तर विचारायचे नाहीत. आता मागितलं तर हे! मी पदर खोचला आणि एकच अट घातली, "तारखेला दवाखान्यात यायचं. कारण सांगायचं नाही." हे "बरं" म्हणाले. शेजारच्या दोघांनी हात लावला आणि इंजिन मागच्या व्हरांड्यात, मुलीच्या अभ्यासाच्या जुन्या टेबलावर येऊन बसलं. जिथं तिनं बारावी केली तिथं खाली वर्तमानपत्रं अंथरून हा काळा गोळा. मला तर ते खाटकाच्या ओट्यासारखं वाटलं होतं.

वरचं झाकण ह्यांनीच काढलं. बोटांनी नट शोधायचे, पाना बसवायचा, खांद्यानं जोर लावायचा. झाकण सुटलं, आणि मग मला पुढं बोलावलं.

"काय दिसतंय?"

"काळं."

"काळं म्हणजे कसलं काळं?"

"अहो, काळं म्हणजे काळं! मी मराठी शिकवते, मेकॅनिक नाहीये मी."

"मग मराठीच सांग की. मला मराठीच पाहिजे."

मी चष्मा पुसला. पुन्हा वाकले. आता बघितलं तर ते एकच काळं नव्हतं. "मधोमध तव्याच्या पाठीसारखं आहे," मी म्हटलं. "कोरडं, खरवडलं तर पापुद्रा निघेल असं. आणि तुमच्या बाजूच्या कडेला ओलसर. काजळासारखं, बोटाला लागेल असं."

"भिंतींवर?"

"भिंतींवर लाल. विटेसारखं नाही हं. गडद, चिकटून बसलेलं. पानाला लावतात त्या कातासारखं."

"कात!" हे एकदम हसले. "म्हणजे गंज चांगलाच मुरलाय. पण पिस्टन शाबूत असेल." आणि पुन्हा स्वतःशीच, "कात म्हणे!"

कितीतरी दिवसांनी ह्यांचं हसू ऐकलं. मी तशीच वाकून उभी राहिले, कारण सरळ झाले असते तर माझे डोळे भरलेत हे मलाच कबूल करावं लागलं असतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हाच अभ्यास. शाळेतून यायचं, चहा टाकायचा आणि व्हरांड्यात जाऊन बघून सांगायचं. निबंधात विशेषणं जपून वापरा, असं मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले. पण प्रत्येक विशेषणावर समोरच्या माणसाचं पुढचं पाऊल ठरणार असेल तर बोलताना जीभ किती जपून उचलावी लागते, हे त्या टेबलाशी कळलं. "पिवळसर" म्हटलं की हे विचारत, हळदीकडं झुकणारं की तुपाकडं? "चीर" म्हटलं की विचारत, नख अडकेल अशी की नुसती रेघ? मी चिडायचीही. एकदा रागानं टॉर्च आपटून आत निघून गेले. मग आतून ऐकलं, हे एकटेच त्या सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवत होते आणि हळू आवाजात स्वतःलाच सांगत होते, "इथं एक आहे. इथं दुसरा." मी परत जाऊन टॉर्च तिरका धरून बघितलं. खरंच दोन ओरखडे होते, मला सरळ उजेडात न दिसलेले.

अडकलेला पिस्टन सुटावा म्हणून सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ठेवलं होतं. रोज थोडं ओतायचं, रोज लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्यायचे. त्याच आठवड्यात भावानं हुरडा पाठवला. मी अंगणात घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, कणसं भाजली, तळहातावर चोळून दाणे मोकळे केले. ह्यांचे हात कोपरापर्यंत काळे. मग मीच शेंगदाण्याची चटणी लावून एकेक मूठ ह्यांच्या तोंडात घातली. लग्नात पंक्तीत सगळ्यांच्या आग्रहाखातर एक घास दिला होता, त्यानंतर हाच. "गरम आहे," एवढंच म्हणाले आणि ठोकळ्यावर पुन्हा एक ठोका दिला. आवाज बदलला. ठक्‌चा आवाज जरा पोकळ, जरा खोल आला. आम्ही दोघंही खायचं थांबलो. "हलला," हे म्हणाले.

पिस्टन निघाला खरा. पण सिलिंडर लेथवाल्याकडं नेल्यावर त्यानं माप घेतलं आणि मान हलवली. "साहेब, हे आधीच शेवटच्या मापापर्यंत बोअर झालंय. आणखी घासलं तर भिंतच उरायची नाय. दुसरं बघा."

दुसरं कुठून बघणार? त्या गाड्या निघायच्या बंद होऊन जमाना झाला. चार ठिकाणी फोन केले, कुठंच नव्हतं. घरी आल्यावर ह्यांनी टेबलावरच्या सुट्या भागांच्या सगळ्या ताटल्या, वाट्या, डबे ओळीनं लावले आणि वर चादर टाकली. पुढच्याच आठवड्यात दवाखान्याची तारीख होती.

"राहू दे आता," म्हणाले.

"काय राहू दे? गाडी की डॉक्टर?"

"दोन्ही."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं खाली ठेवलं. "जन्मभर खराब निघालेले भाग बाजूला काढलेत तुम्ही," मी म्हटलं. "आता स्वतःलाही त्याच पेटीत टाकायला निघालात. पण तपासणीवाला एकटा नसतो ना? सही दुसऱ्याचीही लागते. माझी मिळणार नाही."

हे उठून गेले. मला वाटलं, फार बोलले मी. दुसऱ्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन, बशीत ओतता ओतता हे म्हणाले, "खुलताबादला एक अशीच गाडी होती. घाटात माझा प्लग गेला होता तेव्हा त्या माणसानं थांबून आपला जादाचा दिला होता. वेशीच्या आतच घर होतं. बघायचं का जाऊन?"

रविवारी गेलो. माझ्या स्कूटीवर, हे मागं. ह्यांना मागं बसायची सवय नाही. दौलताबादपर्यंत अंग आखडून, दोन्ही हातांनी मागची दांडी घट्ट धरून बसले होते. घाटाच्या चढावर थंडगार वारा लागला तेव्हा कुठं एक हात माझ्या खांद्यावर आला.

घर सापडलं. तो माणूस जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याची बायको होती, नन्नी बी, पांढऱ्या ओढणीतली, सत्तरीची. तिनं आम्हाला शेळ्यांच्या गोठ्यात नेलं. गवताच्या पेंढ्यांआड गाडी उभी. ह्यांनी तिच्यावर हात ठेवला, टाकीवरून, इंजिनावरून, खाली किकवर. पायानं हळूच दाबली. किक खाली गेली आणि वर आली. आत सगळं हलत होतं. नन्नी बीच्या मालकानं गाडी ठेवताना आत तेल सोडून ठेवलं होतं.

मला वाटलं, आता हे मागणार. हे म्हणाले, "चाची, हिचे पार्ट काढू नका. ही गाडी अख्खी चालू होईल. थोडंच काम आहे."

मी ह्यांच्याकडं बघतच राहिले. ज्या वस्तूसाठी आलो ती समोर होती, आणि हा माणूस तपासणी करून ती पास करत होता.

"चलाएगा कौन बेटा?" नन्नी बी म्हणाली. "दोनो बच्चियां पुना में हैं. मेरे कने बकरियां हैं, बस." मग तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मियां की आंखां को क्या हुआ?" मी सांगितलं. ती बराच वेळ ह्यांच्या हातांकडं बघत राहिली. हे अजूनही इंजिनाच्या पट्ट्यांवरून बोटं फिरवत होते.

"जो होना सो निकाल लेव," ती म्हणाली. "गोठे में खड़ी रहके क्या करती?" पैशाचं नाव काढल्यावर तिनं हात झटकला. "नक्को. चाय पीके जाव."

सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही आम्ही गोठ्यातच उतरवून घेतले. शेळ्या जवळ येऊन हुंगत होत्या. उरलेल्या इंजिनाचं तोंड ह्यांनी फडक्यानं नीट बांधून दिलं, आत कचरा जाऊ नये म्हणून. परतीच्या वाटेवर सिलिंडर माझ्या पायाशी पिशवीत होतं, आणि ह्यांची बडबड चालू होती. गुरुवारी दवाखान्यात मी आठवणही करून दिली नाही. हेच सकाळी दाढी करून, चपला घालून दाराशी बसले होते.

मग जोडणी. इंजिनाच्या डब्यात नवं बेअरिंग बसवायचं तर डबा गरम पाहिजे आणि बेअरिंग गार, म्हणजे डबा फुगतो, बेअरिंग आकसतं आणि न ठोकता बसतं. म्हणून बेअरिंग फ्रीजरमध्ये गेलं, मटारच्या पिशवीशेजारी. डबा गॅसवर, मंद आचेवर. मी पाण्याचा थेंब टाकून बघायची. चुर्र झालं की तयार. "आता!" मी ओरडले, हे बेअरिंग घेऊन आले, बोटांनी कड जुळवली आणि सोडलं. टक्. एवढाच आवाज. लोखंड आपल्या जागी जाऊन बसलं. हे म्हणाले, "ऐकलंस?" मी ऐकलं होतं. आजही आमच्या फ्रीजरमध्ये कुणाच्या ना कुणाच्या गाडीचं बेअरिंग असतं, कारण मग गावातले दोघंचौघं आपापल्या जुन्या गाड्या घेऊन ह्यांच्याकडं यायला लागले. डोळे जिथं होते तिथंच थांबलेत. डॉक्टर दर वेळी तेच सांगतात, आणि आम्ही दोघंही दर वेळी पास झाल्यासारखे घरी येतो.

पण त्या हिवाळ्यात इंजिन बसवून, पेट्रोलमध्ये तेल मिसळून, गाडी अंगणात उभी केली तर ती चालू होईना. किकवर किक. गल्लीतली माणसं जमली, सल्ले आले. हे घामेघूम. "ठिणगीच नसेल," म्हणाले. मी पुढं झाले, प्लग काढला, उन्हात धरला. कुणी विचारलं नव्हतं तरी बोलले, "प्लग ठणठणीत कोरडा आहे. ठिणगीचं नंतर बघू. पेट्रोलच पोचत नाहीये आत."

ह्यांनी किकवरचा पाय काढला. मग म्हणाले, "कार्ब्युरेटर काढ."

आत एक पितळी नळी असते, बोटाच्या पेराएवढी, मधून सुईएवढं भोक. मी ती सूर्याकडं धरली. उजेड येत नव्हता. वायरीतली तांब्याची एक तार सोडवून हळूहळू आत फिरवली, फुंकर मारली, पुन्हा धरली. यायला लागला. इवलासा, गोल, पूर्ण उजेड. सगळं परत बसवलं. तिसऱ्या किकला गाडी खोकली आणि पुढच्याला सुरू झाली. निळा धूर, आणि ती धडधड, जी मी नव्या नवरीच्या वयात पाठीमागं बसून ऐकली होती. हे टाकीवर तळहात ठेवून नुसते उभे होते. कुणीतरी विचारलं, "आता चालवणार कोण साहेब?"

"ही," हे म्हणाले.

मी! स्कूटीशिवाय काही न चालवलेली, पन्नाशी ओलांडलेली बाई. पण शिकले. लायसनसुद्धा काढलं. सकाळी कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत हे मागं बसायचे आणि इंजिनाचा आवाज ऐकून सांगायचे, "आता गिअर टाक. नाय नाय, थांब. आता." एकदा मी वळणावर पडले, हेही पडले, आणि दोघंही मातीत बसून आधी इंजिन बंद झालं का ते ऐकत होतो.

थंडी ओसरत आली तेव्हा एका सकाळी पहिल्यांदा शहराबाहेर पडलो. पैठण रस्त्यावरून आत एका कच्च्या वाटेला लागलो. मी हँडल गच्च धरून समोरच्या खड्ड्यांवर नजर रोवून चालले होते, मान इकडंतिकडं करायची हिंमत नव्हती. अचानक ह्यांनी खांदा दाबला.

"थांब, थांब. डावीकडं पिवळं आहे. खूप पिवळं."

मी गाडी कडेला घेतली आणि मान वळवली. करडईचं शेत फुललं होतं, बांधापासून पार पलीकडच्या बाभळींपर्यंत. एवढं मोठं, एवढं उघड, आणि मला ते दिसलंच नव्हतं. ह्यांना दिसलं होतं, डोळ्याच्या त्या शिल्लक राहिलेल्या कडेनं.

हे उतरले. मी हात पुढं केला तर घेतला नाही. मान जराशी तिरकी ठेवून, बाजूनं बघत, बांधावरून एकटेच आत गेले. कमरेएवढ्या पिकात उभे राहून दोन्ही हात फुलांवर पसरले आणि लगेच मागं घेतले.

"अगं, काटे आहेत!" हे तिथूनच ओरडले, आणि मोठ्यानं हसले.

मला उतरून जावंसं वाटत होतं. पण माझी मूठ ॲक्सिलरेटरवर होती. गाडी बंद पडली तर किक मारायला ह्यांना मागं बोलवावं लागलं असतं, कारण ती मला अजून जमत नव्हती. मी तशीच बसून राहिले, इंजिन चालू ठेवून.